जावईबापूंचा बॉल जॉइंट

माणसानं आयुष्यात एक तरी मोठं काम स्वतःच्या हातानं करावं, असं मला फार वर्षांपासून वाटत होतं. आणि मी ते करू नये, असं माझ्या बायकोला, मनीषाला, तितक्याच वर्षांपासून वाटत होतं. सतरा वर्षांच्या संसारात या मतभेदाला तोंड फुटायची वेळ आली नव्हती. ती आली दोन हजार एक सालच्या नवरात्रात, आणि कारण झालं आमच्या गाडीचं डावं पुढचं चाक.

"कट्ट!"

स्पीडब्रेकर आला की कट्ट. खड्डा आला की कट्ट-कट्ट. घर ते कारखाना एवढ्या रस्त्यात कोणीतरी शेजारी बसून अडकित्त्यानं सुपारी कातरतंय असं वाटायचं. गाडी जुनी होती. आमच्या आधी ती एका डॉक्टरांकडे होती, आणि डॉक्टरांच्या आधी कोणाकडे होती हे डॉक्टरांनाही आठवत नव्हतं. पण ती माझी होती आणि तिच्याबद्दल कोणी वावगं बोललेलं मला खपत नसे.

नाशकातल्या द्वारका चौकात अब्बासभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी चाक दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं आणि मान खाली घातली. "चारो गये, साहब. वरचे दोन, खालचे दोन. बॉल जॉइंट. ह्याच्यावरच चाक वळतं आणि ह्याच्यावरच गाडी उभी असते. असंच चालवलं तर एक दिवस चाक बाजूला झोपेल आणि गाडी नाकावर बसेल."

"मग टाका बदलून."

"दसऱ्यानंतर या." त्यांनी अंगणाकडे हात केला. टेम्पो, रिक्षा, जीप, पिकअप, सगळी वाहनं दसऱ्याला नटायची म्हणून रांगेत उभी होती. "आत्ता मरायला पण फुरसत नाही."

पण मला दसऱ्यानंतर गाडी मिळून उपयोग नव्हता. मला ती दसऱ्याच्या सकाळीच हवी होती, आणि त्याचं कारण आमच्या घरात, गॅलरीतल्या खुर्चीवर बसलं होतं.

विमलाबाई, म्हणजे आमच्या सासूबाई. दिंडोरीच्या पुढं त्यांची सहा एकर द्राक्षबाग आहे आणि सासरे गेल्यापासून ती त्याच सांभाळतात. श्रावणात गोठ्यात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. नाशकात ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खुब्याचा गोळा काढून स्टीलचा नवा बसवला, आणि तेव्हापासून दोन महिने त्या आमच्याकडे होत्या. या दोन महिन्यांत त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. फक्त रोज संध्याकाळी वॉकर धरून गॅलरीच्या टोकाला जायच्या आणि दिंडोरी ज्या बाजूला आहे त्या बाजूला बघत उभ्या राहायच्या. दरसाल दसऱ्याला बागेची छाटणी सुरू होते आणि पहिली कात्री त्यांच्या हातची असते. सालदार काळूला त्यांनी फोनवर बजावलं होतं, "मी येईस्तोवर एक बी काडी तोडायची नाय." डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण अट घालून. बस नको, जीप नको, पाय फार दुमडायचा नाही. मोटारीची पुढची सीट मागं रेलवून, हळू न्यायचं.

भाड्याची गाडी करू, असं मनीषा म्हणाली. आमच्या ओळखीच्या तिन्ही गाडीवाल्यांनी दसऱ्याचं नाव काढताच फोन ठेवला. शिवाय दवाखान्यात साऱ्या नातेवाइकांसमोर "तुमचा जावई बसलाय ना!" असं छातीवर हात मारून कोण म्हणालं होतं? मीच.

"मी बदलतो," मी म्हणालो.

मनीषा काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा तिचं म्हणणं फार स्पष्ट ऐकू येतं.

मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअर्समध्ये आहे. नट, बोल्ट, वॉशर, बेअरिंग, कुठलीही वस्तू सांगा, तिचा नंबर आणि कप्पा मी झोपेत सांगेन. ती वस्तू कशात बसते हे मला कधी कोणी विचारलं नाही आणि मीही चौकशी केली नाही. तरी वीस वर्षं लोखंडाच्या सहवासात काढलेल्या माणसाला चार जॉइंट बदलता येऊ नयेत? मी चार दिवसांची रजा टाकली. अब्बासभाईंनी भल्या मनानं सामान दिलं, काम समजावून सांगितलं आणि निघताना हात धरला.

"साहब, दोन गोष्टी. खालचा आर्म, म्हणजे चाक धरणारा हा दांडा, त्याच्याखालचा जॅक हलता कामा नये, नाहीतर आतली स्प्रिंग तोंडावर येईल. आणि नट आवळले की त्यांत ह्या पिना. पिन नसली तर नट फिरत फिरत कधी निघून जाईल, कळणार पण नाही."

त्यांनी माझ्या तळहातावर चार पिना ठेवल्या. मी हसलो. मला पिना शिकवतात! आमच्याकडे पिना किरकोळ मालात मोडतात. मी त्या वीस वर्षं मुठीनं वाटल्या आहेत.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय झालंय गाडीला?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी गाडीचा खुबा गेलाय व्हय?"

"तसंच काहीसं."

"मंग काय, गोळा बदलायचा. माझा डाक्टरनं दीड तासात बदलला."

हा दीड तास पुढं माझ्या मानगुटीवर बसला.

पहिला दिवस परवानगीत गेला. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देवराम खैरनार हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी पाणी अडवलं, आता ते माणसं अडवतात. मी गाडीखाली जॅक सरकवतोय तोच त्यांच्या चपला माझ्या नाकासमोर येऊन थांबल्या.

"भारतराव, हे काय?"

"जॅक."

"जॅक दिसतोय. परवानगी?"

"स्वतःच्या गाडीला जॅक लावायला?"

"नियमात 'वाहन उभे करण्यासाठी जागा' असं लिहिलंय. तुम्ही ते उचलताय."

दोन प्रतींत अर्ज झाला, त्यावर आठही बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या. एकेक सही एक चहा आणि एक सल्ला घेऊनच मिळाली. पहिल्या मजल्यावरचा महेश बँकेत आहे आणि यंत्रांबद्दल त्याची मतं ठाम आहेत. "खोलण्याआधी फोटो काढून ठेवा, म्हणजे जोडताना घोळ होत नाही," असं म्हणून तो स्वतःच कॅमेरा घेऊन खाली आला. त्यात भाच्याच्या मुंजीच्या रोलातले तीन फोटो शिल्लक होते. दिवाळीनंतर ते धुऊन आले. तिन्हींत माझे पाय आहेत.

संध्याकाळी खैरनारांनी परवानगी दिली. काम नवमीच्या सूर्यास्तापर्यंत संपवावे. दशमीस कोणतेही वाहन उचललेल्या स्थितीत आढळल्यास योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. ही योग्य ती कार्यवाही म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाडी उचलली आणि चाकाचे नट खोलायला गेलो. पान्याबरोबर चाकही फिरायला लागलं. मी पाना फिरवतोय, चाक फिरतंय, आम्ही दोघं गोल गोल. आमचं बिऱ्हाड तळमजल्यावर, त्यामुळे गॅलरीतल्या खुर्चीवरून सासूबाईंना सगळं स्वच्छ दिसत होतं.

"जावईबापू, आधी ढिलं करायचं, मंग उचलायचं. आमचा काळू टॅक्टरला तसंच करतो."

मी गाडी खाली घेतली. काळूबद्दल माझ्या मनात तोवर काही नव्हतं. त्या क्षणापासून आलं.

चाकं निघाली. जुन्या पिना तुकड्यातुकड्यांनी निघाल्या. नट निघाले. जॉइंट मात्र निघेना. तो आपल्या भोकात इतका घट्ट बसला होता की मला काही काळ त्याच्याबद्दल आदर वाटला. बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांना पूर आला. कोणी रॉकेल सुचवलं, कोणी उकळतं पाणी, कोणी लिंबू आणि मीठ. महेशनं कोल्ड्रिंक ओतलं, कारण त्यानं गंज जातो असं त्याच्या ब्रँच मॅनेजरनं सांगितलं होतं. दुपारपर्यंत त्या जॉइंटला आम्ही इतकं खाऊपिऊ घातलं की फक्त बडीशेप द्यायची राहिली. तो हलला नाही. मुंग्या मात्र आल्या.

तिसऱ्या दिवशी मी अब्बासभाईंनी सांगितलेल्या उपायावर आलो. दोन हातोड्या घेऊन भोकाच्या दोन्ही बाजूंना एकदम ठोके. अर्धा तास ठोकत होतो. अंगठ्याचं नख काळं पडलं, सदऱ्याचं पोतेरं झालं, आणि खैरनार पुन्हा आले.

"भारतराव, आवाजाचा उल्लेख तुमच्या अर्जात कुठंही—"

"ठाक!"

बंदुकीसारखा बार झाला आणि जॉइंट निखळला. आर्म दचकून खाली बसला, जॅक करकरला, पण जागचा हलला नाही. मी डोळे उघडले तेव्हा खैरनार समोर नव्हते. ते पाण्याच्या टाकीमागं होते, आणि तिथं जाण्याचं त्यांना इतर काही कारण नव्हतं.

"निघाला का गोळा?" गॅलरीतून आवाज आला.

"निघाला!" मी ओरडलो. खरं सांगतो, ऑफिसात बढती मिळाली तेव्हाही मी इतक्या जोरात ओरडलो नव्हतो.

"एक झाला. ऱ्हायले तीन."

उरलेले तीन अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत निघाले आणि चारही नवे बसले. मी पद्धतीचा माणूस आहे. सुरुवातीलाच मी सत्तावीस वस्तूंची यादी केली होती, अनुक्रमांकासह. किरकोळ माल अर्थातच सोडून, तो यादीत घ्यायची आमच्यात रीत नाही. वस्तू बसली की बरोबरची खूण. शेवटचं चाक चढलं, गाडी चार पायांवर उभी राहिली आणि सत्ताविसावी खूण झाली तेव्हा मला एकदम भरून आलं. हत्यारं तशीच टाकून मी पायरीवर बसलो. खैरनारांनी 'काम पूर्ण झाले' या कागदावर माझी सही घेतली. महेशनं हात मिळवला आणि मग तो हात पुसला.

"चार दिवस," सासूबाई म्हणाल्या. पण हसून म्हणाल्या.

बेत असा होता की नवमीला गाडी एकदा चालवून बघायची, नट पुन्हा एकदा आवळायचे आणि दसऱ्याला निघायचं. सकाळी मी बाहेर गेलो तर हत्यारं गायब. घरात आलो तर देवासमोर पाट, पाटावर लाल कापड, आणि त्यावर जॅक. शेजारी पाने, उतरत्या क्रमानं. दोन हातोड्या, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, विळी, कात्री, खलबत्ता. पहाटे उठून सासूबाईंनी मनीषाकडून सगळं आत आणवून, राखेनं घासून, पुसून, हळदकुंकू लावून मांडलं होतं. प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. त्या हातोडीनं माझं नख फोडलं होतं, पण त्या दिवशी ती फार सोज्वळ दिसत होती.

मी पान्याकडे हात नेला.

"आं! आज खंडेनवमी हाय. आज हत्याराला हात लावायचा नाय. वरीसभर राबत्यात, एक दिस निजू द्या."

"आई, हे फक्त चार दिवस राबलेत."

"मंग तर लयच थकले असतील."

"बरं, पाने राहू दे. नुसती एक चक्कर मारून येतो."

"गाडी बी हत्यारच हाय की." त्यांनी बोट दाखवलं. जॅकच्या पुढ्यात, विड्याच्या पानावर, गाडीची किल्ली होती. कुंकवासकट.

मी मनीषाकडे वळलो. "तू तरी सांग यांना."

"मी काय सांगू? माझी विळी पण त्यातच आहे. आज भाजी चिरायची नाही. वरणभात आहे."

तो दिवस मी फुगून काढला. शिकलेला माणूस, वीस वर्षं नोकरी झालेला, आणि स्वतःच्या गाडीची किल्ली त्याला मिळू नये? मी दोनदा गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. तिलाही झेंडूची माळ होती. ती आराम करत होती. घरात राबण्याच्या अवस्थेत असलेली वस्तू मी एकटाच होतो, आणि मला कोणी कुंकू लावलं नव्हतं.

दसऱ्याला पहाटे पाचला सासूबाई तयार होत्या. नवं लुगडं, पिशवी बांधलेली, वॉकर पुढ्यात. दोन महिन्यांत मी त्यांना इतकं घाईत पाहिलं नव्हतं. मीही नवा सदरा घातला. त्यांनी अक्षता टाकून पूजा हलवली आणि एकेक हत्यार उचलून, त्यावर आपट्याचं पान ठेवून, माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. जॅक. पाने. हातोड्या. किल्ली. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

"आन् ही चार?" त्या म्हणाल्या. "ह्यांना कुठं ठिवायचं?"

त्यांच्या हातात स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी होती. हरवू नयेत म्हणून मीच ती पहिल्या दिवशी बाहेर नेली होती. वाटीत चार पिना होत्या. घासलेल्या, हळदीनं पिवळ्या, प्रत्येकीवर कुंकवाचं टिंब.

अब्बासभाईंचा शब्द न् शब्द कानात वाजला. चारही नट पिनांशिवाय होते. सत्तावीस खुणा झाल्या होत्या आणि ज्यावर चाकं उभी होती ती वस्तूच यादीत नव्हती. अर्ध्या तासात मी त्या बाईला, जिचा एक गोळा नुकताच बसवलाय, पुढच्या सीटवर बसवून दिंडोरी रस्त्याच्या उताराला लागणार होतो. मागं मनीषा असणार होती.

"आई," मी म्हणालो, "जरा दहा मिनिटं थांबा." आणि ती वाटी घेऊन मी धावत सुटलो.

आधी ढिलं, मग उचल. तेवढं आता येत होतं. नव्या सदऱ्यानं मी चाकाखाली आडवा झालो. डावीकडच्या दोन पिना बसल्या. उजवीकडचा वरचा नट ठीक होता. खालच्याला मी नुसती बोटं लावली, आणि तो बोटांनी फिरला. यादीत त्याच्यापुढं बरोबरची खूण होती, माझ्याच हातची, चांगली ठसठशीत. मी पाना चाचपायला लागलो.

तेवढ्यात चपला आल्या. "भारतराव, मुदत काल सूर्यास्ताला संपली. आज दशमी. वाहन उचललेल्या स्थितीत—"

"दादा," वरून आवाज आला. सासूबाई वॉकर टेकत टेकत पार्किंगपर्यंत आल्या होत्या. "सोनं घ्या."

आपट्याचं पान पुढं आलं की दसऱ्याच्या दिवशी कोण नाही म्हणेल? खैरनारांनी कागद बगलेत धरला, पान घेतलं, वाकून नमस्कार केला.

"आन् ही बॅटरी धरा जरा. माझ्या जावयाला आत दिसत नसंल."

आणि पाटबंधारे खात्याचे निवृत्त देवराम खैरनार उकिडवे बसले आणि बॅटरी धरली. चांगली धरली, हे मला कबूल केलं पाहिजे. नट आवळून झाल्यावर "अजून अर्धा फेरा बसेल," असं तेच म्हणाले, आणि खरंच बसला. चौथी पिन आत गेली, तिची टोकं मी पकडीनं वळवली. मग चारही पुन्हा तपासल्या. मग पुन्हा. खैरनारांनीही एकदा तपासल्या.

दिंडोरी रस्त्याला पहिला स्पीडब्रेकर आला तेव्हा मी श्वास धरला. गाडी चढली, उतरली. काही नाही. दुसरा आला. काही नाही. तिसऱ्याला मनीषा मागून म्हणाली, "अहो, आवाज गेला!" तिच्या बोलण्यात इतकं आश्चर्य होतं की एरवी मी दुखावलो असतो. त्या दिवशी मला ते गोड वाटलं. उतारावर दोन्ही बाजूंना बागा दिसायला लागल्या तशा सासूबाई सीटवर सरळ व्हायला लागल्या. डॉक्टरांनी रेलायला सांगितलंय, असं आम्ही दोघांनी सांगून पाहिलं. त्यांना ऐकू येत नव्हतं.

बागेच्या बांधाशी काळू उभा होता, हातात नवी कात्री. त्याच्यामागं मजूर बाया थांबल्या होत्या. कोणी एक काडी तोडली नव्हती. मी गाडी थांबवली, सासूबाईंना उतरवलं, आणि मग मला राहवेना.

"आई, एक सांगायचंय. त्या वाटीतल्या पिना मी घालायच्याच विसरलो होतो. तुम्ही पूजेत ठेवल्या नसत्या तर आज..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे बघितलं.

"मला कुठं ठावं होतं काय हाय ते," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, येवढ्या बारीक वस्तू मानसानं मोजून वाटीत ठिवल्यात, म्हंजी कामाच्या असतील. मंग त्यांना बी लावलं कुकू."

मग त्यांनी कंबरेची चंची सोडली, तिच्यातली कुंकवाची पुडी काढली, आणि कात्रीच्या आधी ती माझ्यापुढं धरली.

"चाकाला लावा. डाक्टरनं मला वाकायला नाय सांगितलंय. तुम्ही वाका."

मी वाकलो. चार दिवस त्या चाकापुढं मी फक्त शिव्या घालायला वाकत होतो. आता दोन्ही पुढच्या चाकांना कुंकू लावलं आणि उठलो तेव्हा डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला जागा नव्हती. काळू बघत होता. त्यानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला.

पलीकडे वॉकर टेकत टेकत सासूबाई पहिल्या ओळीपाशी पोचल्या होत्या. त्यांनी काडी हातात धरली, डोळा बारीक करून बघितली, आणि कात्री दाबली.

"कट्ट," असा आवाज झाला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी तो ऐकून दचकलो नाही.